शेतमालाच्या धंद्यास लागणाऱ्या इमारतींचे वर्ग

शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था व उत्पादक कंपन्या माल पिकविण्याबरोबरच तो सांठविण्याचा, निवडण्याचा व विकण्याचाही धंदा करूं लागल्या आहेत. ह्या धंद्यास इमारत लागते, आणि सभासदांच्या भागभांडवलाचा मोठा वांटा तिच्यांतच अडकतो. बांधलेली असो कीं भाड्यानें घेतलेली असो, ती मालास न मानवणारी निघाली तर तो पैसा सहसा मोकळा होत नाहीं. म्हणून अशा इमारतींचे वर्ग कोणते व ते कशावरून पडतात, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

भिवंडीसारख्या ठिकाणीं गोदामांचा मोठा व्यापार चालतो. त्यांत ‘अ वर्ग’, ‘ब वर्ग’ हे शब्द नेहमीं कानीं पडतात. हे वर्ग कायद्यानें ठरविलेले नसून व्यापारी वहिवाटीचे आहेत. ‘अ’ वर्गांत साधारणपणें ९ ते १२ मीटर उंची, सपाट व कणखर फरशी, मालमोटारीच्या पाठीशीं समपातळीवर येणारा धक्का, आगीच्या वेळीं आपोआप पाणी शिंपडणारे नळ व लांब गाड्या वळतील एवढें अंगण अपेक्षित असतें. मांडणीवर यंत्रानें माल चढविणाऱ्यास ही उंची उपयोगाची. हमालांकडून पोत्यांची थप्पी लावून घेणाऱ्या संस्थेनें डोक्यावरच्या रिकाम्या हवेकरितां चढा दर कां द्यावा, हें आम्हांस कळत नाहीं. आपल्या कामास वर्ग पाडावयाचे ते मालावरून पाडावे.

पहिला वर्ग धान्याच्या वखारीचा. पत्र्याच्या कोणत्याही छपरास वखार म्हणण्याची जी रीत पडली आहे ती घातक आहे. छपरांतून गळणारी ओल लगेच दिसते. जमिनींतून चढणारी ओल पोतें हलविल्यावांचून दिसत नाहीं, म्हणून ती अधिक फसवी. जोतें भोंवतालच्या जमिनीहून चांगलें उंच असावें, फरशीखालीं ओल अडविणारा थर असावा, आणि पोत्यांखालीं फळ्यांची बैठक असावी. थप्पी भिंतीस टेकवूं नये. माणूस भोंवतीं फिरून कीड पाहूं शकेल एवढी वाट सोडावी. ५० किलोंच्या पोत्यांचे २० थर रचले तर एका पोत्याच्या जागेवर १,००० किलोंचा भार येतो. कच्च्या भरावावर घाईनें ओतलेली फरशी इतकें ओझें सोसत नाहीं. ती खचते, भेगाळते, आणि त्या भेगांत किडीची वस्ती होते. अर्थात् धान्यच ओलें भरलें तर उत्तम वखारही कांहीं करूं शकत नाहीं. गहूं-ज्वारींतील ओल १२ टक्क्यांच्या आसपास आल्यावरच तीं आंत न्यावीं.

कांद्याचें मात्र निराळें आहे. तो सजीव आहे. श्वास घेतो, ऊब व ओल बाहेर टाकतो. बंदिस्त वखारींत तो सडतो. म्हणून त्याची चाळ अरुंद, जमिनीपासून उचललेली व फटींच्या बाजूंची बांधतात, म्हणजे वारा खालून व आरपार खेळतो. येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कांदा २५ ते ३० अंश सेल्सियस उष्णतेंत टिकतो, तसाच शून्याजवळच्या थंडींतही टिकतो. परंतु मधल्या १० ते २० अंशांत त्यास कोंब लवकर फुटतात. अर्धवट गार केलेली खोली कांद्यास चाळीहूनही वाईट, ती ह्यामुळें.

शीतगृहांत इमारत ही केवळ यंत्राचें आवरण असते. भिंती उष्णता अडविणाऱ्या, खिडक्या नाहींत, दारें घट्ट. नाशिककडील निर्यातीचीं द्राक्षें प्रथम वेगानें गार हवा खेळवून थंड करतात व मग शून्य ते एक अंशाच्या सुमारास ठेवतात. जळगांवचीं केळीं १३ अंशांच्या बरींच खालीं नेलीं तर सालें काळवंडतात व फळ नीट पिकत नाहीं. हीं दोन फळें एका खोलींत नांदणें शक्य नाहीं. ‘सर्व मालास उपयुक्त’ असें सांगून कोणी एकच दालन देऊं लागला तर सावध व्हावें. विजेचा खर्च बारमाही असतो, माल मात्र हंगामापुरता. रिकाम्या महिन्यांत काय भरणार, तें आधीं ठरवावें.

जिनिंगसारख्या प्रक्रियेच्या कारखान्यांत मुख्य भय आगीचें. रुईचा तंतू हवेंत तरंगतो, एक ठिणगी पुरे होते. कापसाचे ढीग, यंत्रशाळा व गांठींचें कोठार वेगवेगळीं व अंतरानें असावीं. धान्याच्या वखारीस भिंत घालून अर्ध्या भागांत यंत्रें बसविण्याचा मोह टाळावा; विम्याची कंपनीही तें विचारते.

वखारीचा आणखी एक लाभ आहे. २००७ च्या वखार कायद्यानुसार नोंदलेल्या वखारींतून मालाची हस्तांतरणीय पावती निघूं शकते. आतां ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपांत असते, व तिच्या तारणावर बँकेकडून कर्ज मिळतें. सुगीच्या पडत्या भावांत माल विकण्याची सक्ती त्यामुळें टळते. इमारत घेण्यापूर्वीं ती नोंदणीस पात्र आहे काय, जमिनीस बिनशेती परवानगी आहे काय, हें पाहावें. भाड्याचा करार असल्यास पावसाळ्यापूर्वीं छपराची दुरुस्ती कोणी करावयाची व गळतीनें माल भिजल्यास नुकसान कोणाचें, हीं दोन कलमें स्पष्ट लिहून घ्यावीं. तोंडीं आश्वासनावर राहूं नये.