जगांच्या मधले रान

नेहमीच्या जगातले एखादे पात्र दारातून, आरशातून किंवा बिळातून सर्वस्वी निराळ्या जगात जाऊन पोहोचते, अशा कथांना समीक्षेत ‘पोर्टल फॅन्टसी’, म्हणजे प्रवेशद्वाराची अद्भुतकथा, असे नाव आहे. लुईस कॅरलची ॲलिस १८६५ साली सशाच्या बिळातून आणि १८७१ साली आरशातून अशीच पलीकडे गेली. परंतु बीळ किंवा आरसा हेच का, हा प्रश्न त्या कथांमध्ये उद्भवत नाही, कारण पलीकडची गंमत सुरू झाली की दाराचे काम संपलेले असते. सी. एस. लुईस (१८९८–१९६३) यांच्या नार्निया मालिकेचे वेगळेपण असे, की आधी सहज योजलेल्या एका दाराची उपपत्ती त्यांनी पाच वर्षांनी मागे वळून मांडली आणि तिच्यातून जगांना जोडणाऱ्या वस्तूंचा जवळजवळ एक नियमच सिद्ध झाला.

मालिकेतील सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झाली. पहिल्या पुस्तकात दुसऱ्या महायुद्धातील हवाई हल्ल्यांमुळे लंडनबाहेर पाठवलेली चार भावंडे एका वृद्ध प्राध्यापकांच्या वाड्यात राहतात आणि त्यांतली धाकटी ल्यूसी कोटांनी भरलेल्या लाकडी कपाटात शिरून नार्नियाच्या बर्फाच्छादित रानातल्या एका दिव्याच्या खांबाशी पोहोचते. कपाटातून अन्यत्र जाण्याची कल्पना ई. नेस्बिट यांच्या १९०८ मधील एका बालकथेत आधीच येऊन गेली होती. लुईस यांच्या आजोबांनी घडवलेले कोरीवकामाचे एक कपाटही अमेरिकेतील व्हीटन महाविद्यालयाच्या संग्रहात आहे. तथापि कथेतले कपाट लहरी आहे: ल्यूसी भावंडांना दाखवायला जाते तेव्हा आत फक्त लाकडाची पाठ लागते, आणि कोणी ध्यानीमनी नसताना आत दडला तर मात्र वाट उघडते. असे का, हे पहिले पुस्तक सांगत नाही.

उत्तर आले ते १९५५ च्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ या सहाव्या पुस्तकात, ज्याची कथा कालक्रमाने सर्वांत आधीची आहे. डिगरी कर्क आणि पॉली प्लमर ही लंडनमधली शेजारची मुले; डिगरीचे मामा अँड्र्यू केटर्ली हे स्वतःला थोर जादूगार समजणारे गृहस्थ. त्यांच्या धर्ममातेने मरताना त्यांना अटलांटिस या बुडालेल्या पौराणिक भूमीतली एक पेटी सोपवून ती जाळून टाकण्याचे वचन घेतले होते. मामांनी वचन मोडले आणि पेटीतल्या धुळीपासून पिवळ्या व हिरव्या अंगठ्या बनवल्या. मग, अशा शोधकांच्या रीतीला धरूनच, प्रयोगासाठी आधी गिनीपिग आणि नंतर शेजारची मुलगी पाठवली, स्वतः मात्र घरीच राहिले. पिवळी जाण्यासाठी आणि हिरवी येण्यासाठी, असा त्यांचा समज होता. वस्तुतः ती धूळ ज्या ठिकाणची, ते ठिकाण म्हणजे ‘जगांच्या मधले रान’. पिवळ्या अंगठीतली धूळ आपल्या मूळ जागी परतू पाहते, म्हणून घालणाऱ्याला रानात ओढून नेते, तर हिरवीतली धूळ तेथून बाहेर पडू पाहते. अंगठ्या घडवणाऱ्यालाच त्यांचे तत्त्व उमगलेले नव्हते.

हे रान म्हणजे लुईस यांच्या कल्पनाशक्तीचा बहुधा सर्वांत मौलिक आविष्कार होय. दाट पालवीतून झिरपणारा हिरवा प्रकाश, पक्षी नाहीत, किडे नाहीत, वारा नाही, आणि झाडांमध्ये विखुरलेली असंख्य उथळ डबकी, ज्यांतले प्रत्येक एकेका जगात उतरते. पिवळी अंगठी घालून डबक्यात उडी घेतली तर नुसते पाय भिजतात. हिरवी घातली तर तेच डबके अथांग होते. स्वतः रान हे जग नव्हे, तेथे काही घडत नाही. मुलांना झोपाळू स्वस्थता येऊन आपण कोण, कोठले, याचा विसर पडू लागतो. सत्तेच्या जोरावर जगणाऱ्या जेडिस राणीला मात्र ही हवा सोसत नाही, ती निस्तेज आणि दुर्बळ होते.

ही जेडिस डिगरीच्या अनावर कुतूहलामुळे जागी झालेली असते. चार्न नावाच्या मृत जगात त्याने नको तेथे घंटा वाजवली, राणी मुलांना धरून आधी लंडनमध्ये आणि मग नुकत्याच जन्मणाऱ्या नार्नियात पोहोचली. लंडनमधल्या दिव्याच्या खांबाची उपटलेली लोखंडी दांडी तिने तेथे ते जग घडवणाऱ्या सिंहरूप अस्लानवर फेकली, ती नवसृष्टीच्या सुपीक मातीत पडली आणि रुजून दिव्याचा खांब झाली. ल्यूसीला पुढे भेटणारा खांब तो हाच. उलट दिशेने एक सफरचंद आले. अस्लानने आजारी आईसाठी दिलेल्या त्या फळाचा गाभा डिगरीने लंडनच्या परसात पुरला, भोवती अंगठ्या गाडल्या, झाड वाढले आणि नार्नियात वारा सुटला की येथे निवांत हवेतही ते कधीकधी हलू लागले. वादळात झाड पडल्यावर प्रौढ डिगरीने, म्हणजेच पहिल्या पुस्तकातल्या प्राध्यापकांनी, त्याच्या लाकडाचे कपाट करवून घेतले. कपाट आणि अंगठ्या यांची शक्ती त्यामुळे एकाच जातीची ठरते: वस्तू जेथली, तेथली ओढ तिच्यात शिल्लक राहते.

मालिकेतल्या सगळ्याच जोडस्थानांना असे मूळ लागत नाही. ‘प्रिन्स कॅस्पियन’मध्ये दक्षिण समुद्रातील एका बेटावरची गुहा ही दोन जगांमधली फट असते आणि जीव वाचवायला तीत शिरलेले चाचे नकळत पलीकडे जातात, अशा फटी पूर्वी पुष्कळ होत्या, आता विरळ झाल्या, असे तेथे म्हटले आहे. दोन्ही जगांची कालगणनाही जुळत नाही. मुले नार्नियात राजेराण्या होऊन प्रौढ होतात आणि परततात तेव्हा येथे क्षणही सरलेला नसतो. भागवतातला ककुद्मी राजा कन्या रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी जाऊन येतो तोवर पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटलेली असतात. तेथे प्रवासाची किंमत आपल्या जगात मोजावी लागते, नार्नियात ती पलीकडे मागे राहिलेल्यांना मोजावी लागते.

लुईस यांचे कडवे टीकाकार फिलिप पुलमन यांनी १९९७ च्या ‘द सटल नाइफ’मध्ये जगांना जोडणारा दुवा माणसाच्या हाती दिला. त्यांचा सुरा हवेत खिडकी कापून कोणत्याही जगाची वाट उघडतो, परंतु प्रत्येक कापासरशी प्रौढांची जाणीव खाणारे एक पिशाच जन्माला येते, आणि त्या मालिकेच्या अखेरीस खिडक्या बंद करून दोघा तरुण नायकनायिकांना आपापल्या जगात कायमचे वेगळे व्हावे लागते. लुईस यांच्याकडे असा हिशेब नाही, मात्र माणसाच्या इच्छेवर त्यांचाही विश्वास नव्हता. शेवटच्या ‘द लास्ट बॅटल’मध्ये ल्यूसीचे भाऊ पीटर आणि एडमंड कामगारांच्या वेषात जाऊन परसातल्या अंगठ्या उकरून काढतात, नार्नियाच्या मदतीला जाण्याचा बेत ठरतो, आणि अंगठ्या वापरण्याआधीच रेल्वेच्या अपघातात सगळे तेथे पोहोचतात.