आतड्यावर चढणारी चरबी

क्रोन्स आजारात पोट उघडल्यावर आजारी आतडं कुठपर्यंत आहे, हे सर्जनला बहुतेक वेळा बाहेरूनच दिसतं. आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणारा एक पडदा असतो, मेसेंटरी. एरवी त्यातली चरबी आतड्याच्या कडेशी थांबते. या आजारात ती बोटांसारखी पुढे सरकून आतड्याला वेढते. अगदी किडकिडीत माणसातही. आणि जिथे ही चरबी चढते, तिथेच आतडं अनेकदा अरुंद झालेलं असतं. हा योगायोग आहे का, ते आज पाहू.

जखम भरताना फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेनचे धागे विणतात. त्यांना हुकूम देणारा मुख्य रेणू म्हणजे टीजीएफ-बीटा. सूज वर्षानुवर्षं येत राहिली की हुकूमही येत राहतो, आणि भिंत ताठर होते. इथपर्यंतचं आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक होतं.

पण अरुंद आतडं कापून पाहिलं तर नुसतं कोलॅजेन दिसत नाही, स्नायूंचा थरही भलताच जाड झालेला असतो. तो कशामुळे? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये फ्लोरियन रीडर यांच्या गटाने रुग्णांची ही चरबी प्रयोगशाळेत द्रवात ठेवली आणि तो द्रव आतड्याच्या स्नायुपेशींवर घातला. पेशी भराभर वाढल्या. चरबीतून पाझरणारी लांब साखळीची मेदाम्लं याला कारणीभूत निघाली. पेशी ती आत घेतात आणि मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत, जाळतात. भट्टीच्या दारावर सीपीटी-१ हे विकर असतं. ते अडवलं की वाढही मंदावली. म्हणजे चरबी इथे चक्क सरपण पुरवत होती.

मग ती येते तरी कशाला? २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनायमधल्या सुझॅन देवकोटा यांच्या गटाला तिच्यात आतड्यातून निसटलेले जिवंत जिवाणू सापडले. त्यांना अडवायला ती धावून येत असावी. आमच्या मते हे पटण्यासारखं आहे. आलं कुंपण म्हणून, आणि शेत खायला लागलं!

तर मग ती कापून टाकावी? युरोपातल्या ‘स्पायसी’ चाचणीत आतड्याबरोबर मेसेंटरीचा जास्त भाग काढला, तरी आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं नाही. आजची औषधं सूज उतरवतात; तयार झालेला वण विरघळवणारं मान्यताप्राप्त औषध क्रोन्ससाठी नाही. अरुंद भाग बहुतेक वेळा फुग्याने रुंदवतात किंवा कापतात. आणि प्रत्येक कापण्यागणिक रुग्णाचं आतडं आखूड होतं. म्हणून सीपीटी-१ सारख्या दारांकडे आपण आशेने पाहतो, पण हे प्रयोग पेशींवरचे आहेत, माणसांवरचे नाहीत.

व्याख्यानानंतर हमखास येणारा प्रश्न: तेल-तूप सोडू का? या प्रयोगांतून तसं काही निघत नाही. ती मेदाम्लं आतड्याला बिलगलेल्या चरबीतली होती, ताटातली नव्हेत. आधीच वजन घटलेल्या रुग्णाने स्वतःच्या मनाने तूप तोडलं, तर नुकसान त्याचंच.