दिवसाची लांबी न पाहणारा सातू

मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि सर्वांत लहान ११ तासांचा असतो. दक्षिण स्वीडनमध्ये मात्र जून महिन्यात सूर्य १७ तासांहून अधिक वेळ मावळतच नाही! तिकडचा सातू, म्हणजेच बार्ली, अशा लांब दिवसांना सरावलेला असतो. तोच आखूड दिवसांत पेरला तर नुसती पाने वाढवत बसतो. निसवायला फार उशीर लावतो.

सातूला दिवसाची लांबी कळते कशी? ती ओळखतात पाने. दिवसाच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असण्याच्या या गुणाला दीप्तिकालिता म्हणतात. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली ती दाखवून दिली. उन्हाळा आला हे ओळखायला हा गुण फार उपयोगी, पण त्यामुळे वाण आपल्या मुलखाला जखडून राहतो.

१९२८ मध्ये अमेरिकेत स्टॅडलर यांनी सातूवर क्ष-किरण सोडून त्याच्या आनुवंशिक गुणांत बदल, म्हणजे उत्परिवर्तने, घडवून आणली. नवे वाण काढायला त्यांचा उपयोग होईल का, याची खुद्द त्यांनाच शंका होती. आणि ती रास्तच होती. अशी बहुतेक रोपे रोगट निघतात. कित्येक तर हरितद्रव्याअभावी पांढरी पडून मरतात. तरीही स्वीडनमधील स्वालोफ येथे निल्सन-एले व गुस्ताफसन यांनी चिकाटीने हे काम चालवले. तिथे ‘बोनस’ या वाणावर क्ष-किरण सोडल्यावर त्याच्या वंशात लवकर निसवणारे एक रोप सापडले. स्वीडनचा उन्हाळा थोडक्या दिवसांचा, तेव्हा हवे होते ते एक हळवे वाण. १९६१ मध्ये ते ‘मारी’ या नावाने शेतकऱ्यांच्या हाती आले.

खरी गंमत पुढेच आहे. स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत, हवामान हवे तसे ठेवता येणाऱ्या खोल्यांत, मारीला रोज फक्त ८ तास उजेड दिला. तरी ती निसवली! शास्त्रज्ञांनी निवडला होता हळवेपणा; त्याबरोबर दिवसाच्या लांबीची बेपर्वाई आपोआप आली होती.

याचे कारण २०१२ मध्ये उलगडले. वनस्पतीच्या पेशींत दिवस-रात्रीचा ताल धरणारे एक घड्याळ असते. त्यातले एक जनुक आखूड दिवसांत फुलोरा रोखून धरते. मारीत नेमके तेच बिघडलेले आहे, म्हणजे गाडीचा ब्रेकच निकामी! घाईने निसवणाऱ्या पिकाला दाणे भरायला वेळ कमी मिळतो, हा त्यातला तोटा. तरीही मारी आणि तिची संतती संकरासाठी जगभर वापरली गेली, आणि जिथे पूर्वी सातू साधत नव्हता अशा मुलखांतही तो पिकू लागला.