पेटी फिरवलास काय?

खानापुरात आमच्या अंगणात सोलर कुकर होता. पत्र्याची पेटी, आत चार काळे डबे, वर काच आणि झाकणाला आरसा. डाळ शिजायला दोन-तीन तास. सावली सरकली की आई आतूनच विचारायची, "पेटी फिरवलास काय रे?" सूर्य तासाला 15 अंश सरकतो हे पुस्तकात आलं, तोवर त्या हाकांनी ते माझ्या अंगवळणी पडलं होतं.

खरं तर या आरशांचं घोडं काचेपेक्षा फिरवण्यापाशीच अडत आलं. मुंबई हायकोर्टातले डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम ॲडम्स यांनी 1878च्या सुमारास कुलाब्यात आपल्या आवारात 72 सपाट आरसे मांडून सगळं ऊन एका बॉयलरवर पाडलं. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचं इंजिन चाललं! आरसे मात्र माणसानं ढकलायचे, बॉयलरभोवतीच्या अर्धगोल मार्गावरून. म्हणजे आमचीच पेटी, जरा मोठी.

तो माणूस हटवणारी एक रचना शंभरएक वर्षांनी आली. वोल्फगांग शेफलर यांनी 1986 मध्ये केनियात उभारलेली तबकडी पृथ्वीच्या अक्षाला समांतर आसावर फिरते, त्यामुळे आरसा हलतो पण उन्हाचा झोत एकाच जागी, थेट चुलीवर राहतो. आसाचा कल म्हणजे त्या गावाचा अक्षांश: शिर्डीत साधारण 19.8 अंश, आमच्याकडे 15.6. फिरवायला आधी वजनाच्या ओढीवर चालणारं घड्याळ, पुढे मोटर. ऋतूप्रमाणे तबकडीचा बाक तेवढा बदलावा लागतो. शिर्डीच्या प्रसादालयावर 2009 मध्ये अशा 73 तबकड्या बसल्या, प्रत्येकी 16 चौरस मीटरच्या. त्यांच्या वाफेवर भाविकांचं जेवण शिजू लागलं. त्याआधी, 2006 मध्ये, लातूरच्या महानंद डेअरीत आयआयटी मुंबईच्या शिरीष केदारे यांच्या कामातून घडलेली 'अरुण' ही भलीमोठी तबकडी दूध तापवायला उभी राहिली.

आमच्या तालुक्यात हे कितपत रुजलं असतं? मलप्रभा उगवते त्या कणकुंबीला विचारा. जून लागला की ढग बसतात ते बसतात. आरशाला थेट ऊन लागतं, ढगातून विखुरलेला उजेड त्याला एका जागी गोळाच करता येत नाही. सोलर पॅनेल तेवढ्या उजेडातही थोडी का होईना वीज देतं. त्यात ते स्वस्त झालं आणि निकाल लागला.

आमच्या कौलांवरही आता पॅनेलं आहेत, दक्षिणेकडे तोंड करून, जागची न हलणारी. पेटी पडवीत आहे. आरशाचा पारा उडालाय, आत आई सुक्या मिरच्या ठेवते.