माल परत आला, म्हणून कारागीर हलका होत नाही

गिऱ्हाईकाने वाद्य परत आणले की कारागिराचा चेहरा उतरतो. 'आवाज खुलत नाही' हे बोल तंबोऱ्याबद्दल असतात. कारागीर मात्र ते स्वतःच्या अंगाला लावून घेतो. मग एक तर गिऱ्हाईकाशी वाद, नाहीतर चार दिवस हत्याराला हात नाही. दोन्हीत नुकसान धंद्याचेच.

या बाबतीत आम्ही मिरजेचा दाखला देऊ. तेथील सतारमेकर घराणी मूळची शिकलगारांची. हत्यारांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात धंदा. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे दिवस सरले, तेव्हा फरीदसाहेब सतारमेकर यांच्यासारखे कारागीर वाद्यांकडे वळले. तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही म्हणजे आपणच निकामी झालो, असे त्यांनी मानले नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच हुनराच्या वारसांना.

जवारीचेही तेच. तारांच्या घर्षणाने घोडी झिजते, आवाज उतरतो; मग ती पुन्हा घासून जवारी काढावी लागते. नामांकित उस्तादाच्या हातच्या वाद्यालाही हे चुकत नाही. त्यात अपमान कसला?

म्हणून कारागीर बांधवांना आमचे सांगणे एवढेच : माल परत आला तर आधी विचारा, दोष कशात आहे? भोपळ्यात, जवारीत की तारेत? उत्तर वहीत लिहून ठेवा आणि कामाला लागा. दुरुस्ती वाद्याची करायची आहे. आपली इज्जत त्याच्याबरोबर दुकानात परत आलेली नाही.