मुठे, बिळं आणि त्यांच्यावरचे आरोप

पावसाची पहिली झड लागली की मुंबईतल्या आरे कॉलनीतल्या पाड्यांभोवतीच्या ओहोळांत आणि भाताच्या बांधांवर काळे खेकडे, म्हणजे मुठे, फिरताना दिसतात. समुद्र फार लांब नाही, म्हणून ते तिथूनच चढून येतात असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यांचा समुद्राशी काही संबंध नाही. समुद्रातल्या कोळंबीची सूक्ष्म पिल्लं प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. मुठ्याची मादी मात्र अंडी पोटाखाली सांभाळते, त्यातून थेट इवले खेकडेच बाहेर येतात आणि तेही काही काळ आईच्या पोटाखाली राहतात. पावसाळा संपल्यावर हे खेकडे मरून जातात, हाही गैरसमजच. कल्ले ओले असल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नाही, म्हणून ते बीळ ओलीपर्यंत खोल नेतात आणि उन्हाळा तिथे काढतात.

या बिळांवरचा सर्वांत गाजलेला आरोप आरेतला नाही, चिपळूण तालुक्यातल्या तिवऱ्याचा आहे. जुलै २०१९ मध्ये तिथलं धरण फुटून माणसं वाहून गेली आणि तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. हा दावा केवळ हसण्यावारी नेऊ नये. मातीच्या बांधात बिळं झाली तर त्यातून पाणी झिरपू शकतं, हे खरंच आहे. पण हा धोका माहीत आहे म्हणून तर बांधाची पाहणी आणि डागडुजी करायची असते. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकड्याला आरोपी केलं की जबाबदारीचा प्रश्न मागे पडतो, एवढंच.

आता पुन्हा आरेकडे, आणि एका रास्त आक्षेपाकडे. बिळं करणारी आपल्याकडची नेहमीची जात, बॅरिटेलफुसा क्युनिक्युलॅरिस, दुर्मीळ नाही. पश्चिम भारतात ती बऱ्याच ठिकाणी सापडते. मग आरेतल्या मुठ्यांची चिंता कशाला? कारण जात टिकली म्हणजे त्या त्या ओढ्यातले खेकडे टिकले असं होत नाही. एका ओहोळातले मुठे संपले तर दुसरीकडून पिल्लं वाहत येऊन ती जागा भरणार नाहीत. रस्ते आणि इमारती आड आल्या तर चालत येणंही कठीण. पोटाखाली पिल्लं असलेली मादी कालवणात गेली तर एक पिढीच जाते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी २ हजारांहून अधिक झाडं तोडली गेली, तेव्हापासून आरेचा हिशेब झाडांच्या आकड्यांतच मांडला जातो. तो हिशेब महत्त्वाचा आहे, पण अपुरा. ओढ्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घातल्या तर एकही झाड न तोडता तिथला मुठा नाहीसा होऊ शकतो, आणि कुठल्याही वृक्षगणनेत त्याची नोंद होणार नाही.