जुन्या सफरचंदांचं शीतपेय आणि बागांचं भवितव्य

आजचा प्रश्न साधा आहे. बाजारात लालभडक, गोड सफरचंदं ढिगानं मिळतात. तरीही सफरचंदाचं फसफसणारं शीतपेय करणारे काही उत्पादक शेकडो वर्षं जुन्या, हिरवट, खरबरीत सालीच्या जाती का शोधतात?

उत्तर रसात आहे. रसात तीन गोष्टी बघायच्या : साखर, आम्ल आणि टॅनिन. टॅनिन म्हणजे तुरटपणा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते ना, तो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ लाँग अ‍ॅश्टन इथे १९०३ साली संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे सायडरच्या सफरचंदांचे चार गट पाडले गेले : गोड, आंबट, कडू-गोड आणि कडू-आंबट. आम्ल ०.४५ टक्क्यांच्या वर असलं की फळ आंबट, टॅनिन ०.२ टक्क्यांच्या वर असलं की कडू.

आता सायडर म्हणजे सफरचंदाची हलकी दारू. रस आंबवला की साखरेचं अल्कोहोल होतं आणि गोडी उतरते. शीतपेयात रस आंबवत नाहीत, त्यामुळे साखर तशीच राहते. १०० मिलिलिटरमागे साधारण १० ग्रॅम. तिला तोलायला आम्ल नसेल तर पेय पाकासारखं लागतं. बाहेरून सायट्रिक आम्ल घालता येतं, पण त्यानं नुसता आंबटपणा येतो. जुन्या जातींचा वास आणि तुरटपणा त्यातून मिळत नाही.

एक उदाहरण बघू. न्यूटाउन पिपिन ही अमेरिकेतली अठराव्या शतकातली जात, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली. फळ हिरवं-पिवळं, दिसायला यथातथाच, पण आंबट-गोड आणि महिनोन्‌महिने टिकणारं. एके काळी ते जहाजानं इंग्लंडला जायचं. पुढे बाजारात रंगाला भाव आला. रेड डिलिशससारखी लाल फळं पुढे गेली आणि पिपिन मागे पडलं.

ते तगलं कुठे? कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल परिसरात. तिथे १८६८ साली मार्टिनेली कुटुंबाचा सायडरचा व्यवसाय सुरू झाला. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. त्या काळात या कंपनीला न आंबवलेल्या, फसफसत्या रसानं तारलं. त्या रसासाठी पिपिन लागायचं, म्हणून शेतकऱ्यांनी झाडं ठेवली.

इथे कलमाचा मुद्दा येतो. सफरचंदाचं बी लावलं तर आईसारखं फळ येत नाही. प्रत्येक बी म्हणजे नवी जात. जात टिकवायची तर तिची काडी घेऊन दुसऱ्या खुंटावर कलम करावं लागतं, पिढ्यान्‌पिढ्या. आता कलम करणार कोण? ज्याचं फळ विकलं जातं तो. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात ब्रॉग्डेल इथे राष्ट्रीय फळसंग्रह आहे, तिथे सफरचंदाच्या २,०००हून अधिक जाती जपल्या आहेत. हा विम्यासारखा आधार. पण संग्रहात एका जातीची मोजकीच झाडं असतात. बाग उभी राहायला गिऱ्हाईक लागतं.

आणि पेयाचं गिऱ्हाईक सोयीचं असतं. फळ वेडंवाकडं असलं, सालीवर डाग असला, तरी चालतं. सडकं तेवढं नको. टेबलावर ठेवायला नाकारलेलं फळ घाण्यात चालतं.

आपल्याकडचा रायवळ आंबा आठवा. कलमी हापूसपुढे त्याला पेटीचा भाव नाही, पण रस काढायला, लोणच्याला तो हवाच. मागणी गेली की झाड लाकडाच्या भावानं जातं. रायवळ बीपासून येतो, म्हणजे असं एक झाड तोडलं की ती चव कायमची गेली. सफरचंदाची निदान काडी तरी दुसरीकडे जगलेली असू शकते.

तेव्हा जुन्या जातीच्या पेयाची बाटली महाग का, असं कुणी विचारलं तर हे सांगा : त्या किमतीत रस तर आहेच, शिवाय ते झाड उभं ठेवण्याचं कारणही आहे.